घासातली ढाल: पक्ष्यांचं खाणं, पोटातले जिवाणू आणि परजीवी याबद्दल नागपूरकरांचे प्रश्न

रविवारी सकाळी अंबाझरीच्या काठावर किंवा गोरेवाड्याच्या रस्त्यावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की कोणीतरी थांबतंच. पहिला प्रश्न असतो, "भाऊ, हा कोणता पक्षी?" दुसरा, "आमच्या गच्चीवर येतात त्यांना काय खायला घालू?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं "ज्वारी ठेवा, पाणी ठेवा" असं दोन वाक्यांत देत होतो. आता देववत नाही. पक्ष्याच्या तोंडात काय जातं यावर त्याच्या आतड्यात कोण राहतं हे ठरतं आणि त्यावर तो जंत, माश्या, माइट नावाचे रक्त पिणारे बारीक जीव यांच्याशी कसा लढतो हेही बरंचसं अवलंबून असतं. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

पक्ष्यांना पण जंत होतात का?

होतात, आणि जंतांवर भागत नाही. आतड्यात गोलकृमी, फीतकृमी आणि कॉक्सिडिया नावाचे एकपेशीय जीव असतात. पिसांत उवा, घरट्यात माइट, कातडीला गोचीड. कबुतरांच्या पिसांत तर एक चपटी माशी खेकड्यासारखी तिरकी पळते. ती रक्त पिते आणि पिता पिता मलेरियाच्या भाऊबंदांपैकी एक परजीवी एका कबुतरातून दुसऱ्यात पोचवते.

खुद्द मलेरियाही पक्ष्यांना होतो. डास मलेरिया पसरवतो कसा, याचं पूर्ण चक्र रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात उलगडलं ते पक्ष्यांवर काम करून, आणि त्यात आपली घरचिमणीही होती. १९०२ चं नोबेल त्यांना मलेरियाच्या याच कामासाठी मिळालं. पक्ष्यांचा मलेरिया माणसाला होत नाही, तेव्हा चिमणीला घाबरायचं कारण नाही.

रानातला जवळपास प्रत्येक पक्षी कुठला ना कुठला परजीवी अंगावर वागवत असतो. म्हणजे तो आजारी असतो असं नाही. परजीवी किती आहेत आणि पक्षी त्यांना किती काबूत ठेवतो, हा खरा मुद्दा आहे.

खाण्याचा याच्याशी काय संबंध? पोट भरलं म्हणजे झालं ना?

चिमणीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा दोन-तीन ग्रॅमचं असतं. पंधरवड्यात ते वीस ग्रॅमच्या पुढे जातं आणि घरटं सोडतं. त्या पंधरा दिवसांत हाडं, पिसं, स्नायू सगळं उभं करायचं असतं, आणि घरट्यातल्या माइट-माश्यांशी लढायला प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला ओळखून अडवणारी रक्तातली द्रव्यंही तयार करायची असतात. प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. ती काही भातातून येत नाहीत. म्हणूनच एरवी दाणे टिपणारी चिमणी पिल्लांसाठी अळ्या, नाकतोडे, कोळी शोधत फिरते.

आईचीही मदत असते. तिच्या रक्तातली काही प्रतिपिंडं अंड्याच्या बलकात उतरतात आणि पिल्लाला पहिले काही दिवस सांभाळून नेतात. ही शिदोरी लवकर संपते. पुढचं पिल्लाने स्वतः करायचं, आणि ते करायला लागणारा माल आईबापाच्या चोचीतून येतो.

यात पोटातल्या जिवाणूंचा काय संबंध?

माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे.

पक्ष्याच्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी, विष्ठा बाहेर पडते त्या जागेजवळ, एक लहानशी पिशवी असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी तिचं वर्णन केलं, ते १६२१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. तिला आजही फाब्रिसियसची बर्सा म्हणतात. ती करते काय, हे पुढे तीनशे वर्षं कोणाला कळलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने कोंबडीच्या लहान पिल्लांतून ही पिशवी काढून पाहिली. पिल्लं वरकरणी ठणठणीत राहिली. मग त्याच्या एका सहकाऱ्याने वर्गात प्रतिपिंडं दाखवायला याच कोंबड्या वापरल्या, आणि त्यांच्यात प्रतिपिंडं तयारच होईनात! शोधनिबंध १९५६ मध्ये कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकात आला आणि बराच काळ कोणाच्या नजरेत भरला नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ज्या पेशींना आज डॉक्टर बी पेशी म्हणतात, त्या नावातला 'बी' हा याच बर्साचा.

आता ही पिशवी आहे कुठे ते परत बघा. आतड्याच्या दारात. खालून वर जाणारे जिवाणू, अन्नाचे अंश, परजीवींचे तुकडे तिच्या भिंतींना सतत लागत असतात. शत्रू कोण आणि भाडेकरू कोण याची ओळख पिल्लाच्या शरीराला ज्या शाळेत होते, ती आतड्यालाच जोडलेली आहे.

जिवाणूंचं दुसरं काम जागा अडवण्याचं. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या कोंबडीच्या पिल्लांना मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू दिले की त्यांच्यात साल्मोनेला हा रोगजंतू सहजासहजी रुजत नाही. सकाळी भरलेल्या बसमध्ये पाकीटमाराला पाय ठेवायला जागा मिळू नये, तसंच.

पिल्लाच्या पोटात हे जिवाणू येतात कुठून?

आईबापाच्या चोचीतून, घरट्यातल्या काड्यांतून, भावंडांच्या विष्ठेतून आणि अर्थातच अळीच्या पोटातून. पक्ष्यांच्या बाबतीत परिसराचा वाटा फार मोठा असतो.

याचं एक छान उदाहरण कोकिळेच्या कुळात आहे. आपल्याकडे कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, चातक सातभाईंच्या. चातकाचा एक जवळचा नातलग स्पेनमध्ये मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतो. तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की त्या पाहुण्या पिल्लाच्या आतड्यातली वस्ती मिश्र असते, थोडी सोबतच्या मॅगपाय पिल्लांसारखी आणि थोडी स्वतःच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यांसारखी. जन्माचं नातंही उतरतं आणि भरवणाऱ्याचंही.

कबुतराची तऱ्हा आणखी वेगळी. नर आणि मादी दोघांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत दह्याच्या चोथ्यासारखा प्रथिनं आणि चरबीने भरलेला पदार्थ तयार होतो आणि पिल्लं पहिले दिवस त्यावरच वाढतात. ऑस्ट्रेलियात हे 'कबुतराचं दूध' कोंबडीच्या पिल्लांना दिलं, तर त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलली आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं जास्त जागी झाली. पण याच दुधातून ट्रायकोमोनास नावाचा घशाचा परजीवीही आईबापाकडून पिल्लात उतरतो.

हे सगळं कोंबड्यांचं झालं. रानातल्या पक्ष्यांवर पुरावा आहे का?

आहे. अमेरिकेत ब्लूबर्ड नावाचा निळा, छातीवर तांबूस, साधारण दयाळाएवढा पक्षी लाकडी पेटीत घरटं करतो. त्याच्या घरट्यात एका माशीच्या अळ्या राहतात आणि पिल्लांचं रक्त पितात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही घरट्यांना रोज खायला वेगळ्या अळ्या, म्हणजे मीलवर्म, दिल्या आणि काहींना दिल्या नाहीत. खाऊ मिळालेल्या घरट्यांतल्या पिल्लांनी परजीवीविरुद्ध जास्त प्रतिपिंडं तयार केली, त्यांच्या घरट्यांत रक्त पिणाऱ्या अळ्या कमी निघाल्या आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू जास्त विविध होते. क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात प्रतिपिंडंही जास्त दिसली.

इथे सांभाळून बोललं पाहिजे. खाण्याचा परिणाम प्रयोगानेच दाखवला, पण जिवाणू आणि प्रतिपिंडं यांच्यात दिसला तो फक्त मेळ. क्लॉस्ट्रिडियममुळेच प्रतिपिंडं वाढली, असं त्यातून म्हणता येत नाही. जिवाणू स्वतः काही करतात याचा थेट पुरावा बेडकांच्या बेडकमाशांवर मिळाला. २०१७ च्या एका प्रयोगात त्यांच्या लहानपणीची जिवाणूंची वस्ती विस्कटून टाकली, तर मोठेपणी त्यांच्या आतड्यात कृमी जास्त घुसले. बेडूक पक्षी नाही, हे खरं. पण लहानपणीच्या दिवसांचं मोल दोन्हीकडे सारखंच दिसतं.

मग जितकं खायला घालू तितकं चांगलं, असंच ना?

नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ हे समजावण्यात जातो, कारण विचारणारी माणसं मनापासून प्रेमाने घालत असतात.

पहिली गोष्ट, काय घालतो. फ्लोरिडात पांढरे शराटी पक्षी बागांमध्ये लोकांच्या हातचा ब्रेड खायला शिकले. २०२० मधल्या अभ्यासात दिसलं की शहरी खाण्यावर जगणाऱ्या शराटींच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता घटली होती आणि विविधता कमी तिथे साल्मोनेला जास्त सापडत होता. बेल्जियममध्ये पकडून ठेवलेल्या घरचिमण्यांना शहरी पद्धतीचं खाणं दिलं, तर काही आठवड्यांतच त्यांच्या आतड्यातली वस्ती बदलली.

दुसरी गोष्ट, किती जण एका जागी येतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत ट्रायकोमोनासची साथ पसरली. तोच, कबुतराच्या दुधातून उतरणारा. घराघरातल्या दाणापात्रांवर लाळेने ओले झालेले दाणे एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात गेले. दहा-बारा वर्षांत तिथल्या ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून जास्त घटली. लोकांनी प्रेमानेच ठेवली होती ती दाणापात्रं.

आणि "अळ्या चांगल्या" हेही सगळ्यांना सारखं लागू करू नका. आयर्लंडमध्ये प्रौढ ग्रेट टिट पक्ष्यांना नुसत्या किड्यांवर ठेवलं तेव्हा त्यांची आतड्यातली विविधता उलट घटली. पिल्लाची गरज वेगळी, मोठ्याची वेगळी.

शेव, फरसाण, बिस्किट, पोळी, भात, यातलं काय चालेल?

शेव-फरसाण नको. मीठ आणि तेल दोन्ही त्यांच्या अंगाला जड. बिस्किट नको. ब्रेड नको, ओला तर मुळीच नको, आपल्या पावसाळ्यात दुपारपर्यंत त्याला बुरशी येते. मीठ न घातलेला भात मूठभर, तासाभरात संपेल इतकाच. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालेल, वाढ झालेल्या पक्ष्यांसाठी. रोज जागा बदला आणि खालचा कचरा झाडा. विणीच्या दिवसांत पिल्लांसाठी यातलं काहीच उपयोगाचं नाही.

कबुतरांना पोत्याने ज्वारी टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका टाकू.

पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो. तोही बंद करायचा का?

अजिबात नाही. कावळा सर्वभक्षी आहे, वर्षातून काही दिवस वडा, भात, खीर खाऊन त्याचं काही बिघडत नाही. माझी आजी पान ठेवून "का का" म्हणत वाट बघायची ती मला अजून दिसते. पान केळीचं किंवा पळसाचं असू द्या, प्लास्टिक नको, आणि उरलेलं संध्याकाळपर्यंत उचला.

पक्षी स्वतः औषध घेतात म्हणे. खरं का?

काही उदाहरणं भक्कम आहेत, काही कच्ची.

स्पेनमध्ये माळढोकाचा एक नातलग, ग्रेट बस्टर्ड, अंगाला लागले तर फोड येतात असे विषारी भुंगेरे खातो. तुरीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे येतात ना, त्याच घराण्यातले. २०१४ च्या अभ्यासात दिसलं की नर ते मादीपेक्षा जास्त खातात आणि त्या भुंगेऱ्यातलं विष जिवाणू आणि कृमी दोन्हींवर चालतं. मादी नर निवडताना त्याच्या शेपटीखालचा पांढरा भाग निरखून बघते. जंत-जुलाब असलेला नर तिथेच उघडा पडतो.

हुदहुद तर स्वतःच्या अंगावर जिवाणू पाळतो. विणीच्या काळात मादीच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीत एन्टेरोकॉकस जिवाणू वाढतात, ते घाण वास सोडतात आणि दुसऱ्या रोगजंतूंना मारणारी द्रव्यंही बनवतात. मादी तो स्राव अंड्यांना फासते. सेमिनरी हिल्सच्या गवतात चोच खुपसत चालणारा तुर्रेवाला हुदहुद दिसला की मला हे हमखास आठवतं.

चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पानं आणतात, असं कोलकात्याच्या निरीक्षणांवरून १९८१ मध्येच लिहिलं गेलं. मेक्सिको सिटीत चिमण्या सिगारेटची थोटकं आणतात. २०१३ मध्ये दिसलं की थोटकं जास्त तिथे माइट कमी. पण पुढच्या अभ्यासात थोटकं असलेल्या घरट्यांतल्या पिल्लांच्या रक्तपेशींत जनुकीय इजाही जास्त आढळली.

पांढरं गिधाड गाईचं शेण खातं. चेहऱ्याचा पिवळाधमक रंग टिकवणारी रंगद्रव्यं त्याला शेणातून मिळतात, असं २००२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं. तो रंग म्हणजे "मी निरोगी आहे" असं सांगण्याची त्याची रीत असावी.

कूलर काढला तर मागे चिमणीचं घरटं निघालं, त्यात बारीक किडे पळत होते. स्प्रे मारू का?

नागपुरात मार्च लागला की हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. स्प्रे मारू नका. पिल्लाची कातडी उघडी असते, विष थेट आत जातं.

ते किडे बहुतेक माइट असतात, म्हणजे कोळ्यांच्या कुळातले रक्त पिणारे जीव. ते माणसाला चावतात, खाज सुटते, पण आपल्या अंगावर वस्ती करत नाहीत. पिल्लं असतील तर दोन-तीन आठवडे कळ काढा. आमच्या घरी एका वर्षी याच कारणाने एप्रिल अर्धा संपेपर्यंत कूलर लागला नाही, सगळे ओली चादर अंगावर घेऊन झोपलो. पिल्लं उडाली की हातमोजे घालून घरटं काढा, जागा गरम साबणपाण्याने धुवा, मग कूलर लावा.

गालापागोस बेटांवर बाहेरून आलेली एक माशी तिथल्या फिंच पक्ष्यांची पिल्लं मारते. तिच्या अळ्या १९९७ मध्ये पहिल्यांदा घरट्यांत सापडल्या. २०१४ मध्ये संशोधकांनी कीटकनाशक लावलेला कापूस बाहेर ठेवला, फिंचनी तो घरट्यात विणला आणि अळ्या मेल्या. हे वाचून कोणी घरी करून बघू नये. तिथे जाती नामशेष होण्याची वेळ आली होती आणि मात्रा मोजून ठरवली होती.

पाण्याच्या भांड्यात हळद, लसूण, जंताचं औषध किंवा प्रोबायोटिक टाकलं तर?

नाही. साधं पाणी द्या. कोणता पक्षी किती प्यायला हे कळत नाही, आणि जे औषध जंत मारतं ते आतड्यातल्या भाडेकरूंनाही त्रास देऊ शकतं.

पाण्याचं भांडं मात्र रोज घासा, हे मी विनवून सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शंभर पक्षी एकाच परळात चोच बुडवतात आणि त्यातच विष्ठा टाकतात. मातीचं उथळ परळ, सकाळी ब्रशने घासून, उन्हात वाळवून, मग ताजं पाणी. दोन परळं ठेवा, आलटून पालटून.

मग खरंच काही करायचं असेल तर काय करू?

अळ्या वाढू द्या.

कढीपत्त्यावर, लिंबावर, संत्र्याच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती फुलपाखराची. ती चिमटून फेकू नका. शेवग्यावर केसाळ अळ्या आल्या की शेजारी लगेच फवारणीवाल्याला फोन करतात. त्या अळ्यांना हात लावू नका, अंग खाजतं, पण पावशा आणि चातक त्या आवडीने खातात. खालची डहाळी कापून टाका आणि वरचं झाड त्यांच्यासाठी सोडा. अंगणाच्या एका कोपऱ्यात गवत उभं राहू द्या, पालापाचोळा जाळू नका. जागा असेल तर उंबर लावा. त्याच्या फळांवर हरियाल येतो, आपला राज्यपक्षी, आणि तांबटही.

डेंग्यूच्या दिवसांत धुरळणी लागते, ती नाकारता येणार नाही. पण कुंड्यांखालच्या बशा आणि कूलरच्या टाक्या वेळेवर रिकाम्या केल्या तर ती कमी वेळा लागेल.

लंडनमध्ये संशोधकांनी चिमण्यांच्या वसाहतींना मीलवर्म पुरवले. घरट्यातून जास्त पिल्लं उडाली, पण मोठ्या चिमण्यांची एकूण संख्या फारशी वाढली नाही. वाडग्यातल्या अळ्यांची मजल तिथपर्यंतच गेली. माझं मन त्यामुळे वाडग्यापेक्षा झाडाकडे जास्त ओढतं.

आजारी किंवा मेलेला पक्षी सापडला तर?

उघड्या हाताने उचलू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा काळजी घ्यायची ती घ्याच. जिवंत असेल तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, आणि सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला शाळेच्या प्रकल्पासाठी यातलं काही करता येईल का?

येईल, आणि पक्ष्याला हातही न लावता. चिमण्यांच्या आतड्यातल्या कॉक्सिडियाची एक गंमत आहे. त्यांची बीजं विष्ठेतून बाहेर पडतात ती मुख्यतः दुपार उलटल्यावर. सकाळी तपासलं तर पक्षी निरोगी वाटेल, संध्याकाळी तपासलं तर तोच पक्षी परजीवींनी भरलेला निघेल. सूक्ष्मदर्शकाचं हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसोबत, हातमोजे घालूनच करावं.

त्याहून सोपं आणि माझ्या आवडीचं काम म्हणजे चोच बघणं. मार्च-एप्रिलमध्ये घराजवळ चिमणीचं घरटं असेल तर दहा हात लांब बसायचं, सकाळी सात ते आठ. वहीत दोन रकाने आखायचे, एक अळी-किड्याचा आणि एक दाण्या-पोळीचा. आई किंवा बाप चोचीत काही घेऊन आत गेला की योग्य रकान्यात एक रेघ मारायची. सीताबर्डीच्या गल्लीतलं एक घरटं आणि अमरावती रोडवरच्या कृषी महाविद्यालयाच्या शेताजवळचं एक घरटं, अशी दोन मिळाली तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा. मलाही दाखवा, मी रविवारी अंबाझरीला असतोच.